बघ, थांब, परत: दुबईतला एक कामाचा दिवस

पहाटे ५:४५

ऑक्टोबर लागला की दुबईत पहाटे खिडकी उघडता येते. चहा उकळेपर्यंत मी दिवसभराच्या पाट्या टेबलावर मांडून तपासते. पाटी म्हणजे लॅमिनेट केलेला ए-फोर कागद. त्यावर छत्तीस चौकोन, प्रत्येक चौकोनात एक चित्र आणि चित्राखाली एक शब्द. मूल बोटानं, मुठीनं किंवा नुसत्या नजरेनं चौकोन दाखवतं, आणि तेच त्याचं बोलणं. टॅबलेटवर हेच चौकोन असले तर दाबल्यावर आवाजही येतो. या सगळ्याला मिळून ऑगमेंटेटिव्ह अँड ऑल्टरनेटिव्ह कम्युनिकेशन म्हणतात. आमच्या तोंडी एएसी. तोंडानं बोलणं ज्यांना जमत नाही किंवा पुरत नाही, त्यांच्यासाठी. जगभर ऑक्टोबर हा एएसीच्या जागृतीचा महिना मानतात.

मी स्पीच थेरपिस्ट आहे. सकाळी एका सेंटरमध्ये, दुपारी शाळेत, संध्याकाळी कुणाच्या तरी घरी, असा माझा दिवस जातो. या महिन्यात सगळीकडे एकच पुस्तक सोबत आहे: मेट्रोचं. ते घरीच केलंय. आठ पानं, अल नहदा स्टेशनवर काढलेले फोटो, जाड कागद. प्रत्येक पानाच्या कोपऱ्याला स्पंजचा छोटा तुकडा चिकटवलाय. त्यामुळे पानं एकमेकांपासून सुटी राहतात आणि ज्याची बोटं नीट वळत नाहीत तोही मुठीनं पान उलटू शकतो.

मजकूर इतकाच आहे. बघ, मेट्रो आली. थांब, दार उघडू दे. आत जा. इथे बस. बाहेर बघ. बघ, अजून एक मेट्रो! थांब, दार उघडू दे. बाहेर जा, संपलं. परत?

विषय घेऊन केलेली चित्रपुस्तकं बहुतेक वेळा नावांनी भरलेली असतात. शेताचं पुस्तक असलं की गाय, शेळी, कोंबडी. मेट्रोचं असलं की स्टेशन, जिना, कार्ड, पूल. नावं शिकवायला सोपी आणि तपासायला त्याहून सोपी, म्हणून शिकवणाऱ्यांना ती आवडतात. मात्र वीस प्राण्यांची चित्रं अचूक दाखवणारी आणि ‘नको’ म्हणायला काहीच साधन नसलेली मुलं मी पाहिली आहेत. ती चावतात, ढकलतात, जमिनीवर अंग टाकतात. मग त्यांच्या फाइलीत ‘वर्तनाची समस्या’ अशी नोंद होते. ‘स्टेशन’ हा शब्द स्टेशनवर लागतो. ‘थांब’, ‘अजून’, ‘आत’, ‘परत’ हे आंघोळीला लागतात, जेवताना लागतात, भावाशी भांडताना लागतात. आमच्या क्षेत्रात त्यांना कोअर वर्ड्स म्हणतात. आईबाबांशी बोलताना मी ‘रोजचे शब्द’ म्हणते.

सकाळी ८:१५

सेंटरमधला गट. तीन मुलं, तीन घरच्या भाषा: एक अरबी बोलणाऱ्या घरातली मुलगी, एक मल्याळी मुलगा, एक मराठी. गटात आम्ही इंग्रजीत वाचतो आणि जॉर्डनहून आलेली माझी सहकारी तेच वाक्य अरबीत म्हणते.

मी पुस्तक मधे ठेवते, शेजारी मोठी पाटी. ‘लुक’ म्हणताना माझं बोट डोळ्याच्या चित्रावर, ‘स्टॉप’ म्हणताना हाताच्या पंजावर. सगळं वाक्य दाखवायचं नसतं, त्यातला एखादाच शब्द. बोट आणि तोंड एकाच वेळी. मुलांकडून काहीही मागायचं नाही. आईबाबांना आणि नव्या शिक्षकांना पटवायला सगळ्यात अवघड गोष्ट हीच. पुस्तक उघडलं की मोठ्या माणसाच्या तोंडून आपोआप निघतं, ‘मेट्रो कुठंय? दाखव बरं!’ मूल क्षणात ओळखतं की ही परीक्षा आहे, आणि मान फिरवतं. तान्ह्या बाळाशी आपण वर्षभर बोलतो तेव्हा कुठे ते एक शब्द बोलतं. त्या वर्षात त्याला कुणी नापास करत नाही. पाटीवरून बोलू पाहणाऱ्या मुलानं मात्र पाटीची भाषा कुणी बोललेली पाहिलेलीच नसते, आणि पहिल्याच दिवशी त्यानं उत्तर द्यावं अशी अपेक्षा असते.

म्हणून मी वाचते, दाखवते आणि थांबते. मनात सावकाश दहापर्यंत मोजते. ही शांतता खोलीतल्या मोठ्यांना जड जाते, मुलांना नाही.

आज चौथ्या पानावर मल्याळी मुलानं पुस्तकच ओढून घेतलं आणि स्पंज चावायला लागला. त्याच्याकडून पुस्तक काढून घेतलं नाही. पाटीवर ‘लाइक’ दाखवलं, ‘यू लाइक इट’ म्हटलं. तो माझ्याकडे बघून हसला. अरबी मुलीच्या पाटीचा प्रश्न मात्र मुळातला आहे. अरबी उजवीकडून डावीकडे लिहितात, त्यामुळे अरबी पाट्याही तशाच मांडतात. पण एकाच मुलीला सेंटरमध्ये एक मांडणी आणि घरी उलटी मांडणी दिली तर तिचा हात गोंधळेल. बोलायला शिकणारा हात शब्दाची जागा लक्षात ठेवतो, चित्र नंतर बघतो. म्हणून आम्ही चित्रांच्या जागा त्याच ठेवल्या आणि खाली फक्त अरबी शब्द लिहिले. पुस्तक संपताना तिनं स्वतःच शेवटच्या ओळीतला चौकोन दाबला आणि माझी सहकारी आनंदानं ओरडली, ‘खलास!’ हा शब्द दुबईत सगळ्यांना येतो.

सकाळी १०:३०

सेरेब्रल पाल्सी असलेली नऊ वर्षांची मुलगी. हात तिच्या ताब्यात नाहीत, डोळे आहेत. तिच्यासाठी पाटी म्हणजे पारदर्शक अ‍ॅक्रिलिकचा तुकडा, चार कोपऱ्यांत चार चित्रं. मी तो आमच्या दोघींच्या चेहऱ्यांमध्ये धरते आणि ती कुठल्या कोपऱ्याकडे बघते ते पलीकडून बघते. आजचे चार शब्द: बघ, थांब, परत, वेगळं. घरी ती हिंदी ऐकते, त्यामुळे आमचं वाचन हिंदीत चालतं.

दोन पानं वाचून झाली. तिसऱ्या पानावर तिची नजर ‘वेगळं’ या कोपऱ्यात गेली आणि तिथेच थांबली. मी वेगळं पान उघडलं. नजर हलेना. मग पुस्तक बंद करून विचारलं, ‘दुसरं पुस्तक?’ तिनं सगळ्या अंगानं होकार दिला.

मेट्रोचं पुस्तक तिथेच बाजूला ठेवलं. तिनं मिळवलेल्या शब्दाला किंमत यायची तर ती त्याच क्षणी यायला हवी. ‘थांब’ शिकवायचं आणि मुलानं ‘थांब’ म्हटल्यावर ‘एवढं पान झालं की’ म्हणायचं, तर आपण त्याला हेच शिकवतो की हे चौकोन दाबून काही होत नाही. उरलेला वेळ आम्ही तिनं निवडलेलं माशांचं पुस्तक वाचलं. चार शब्द तेच राहिले, विषय बदलला. रोजच्या शब्दांचं बळ इथेच दिसतं. पुस्तक बदललं म्हणून पाटी बदलावी लागत नाही.

हिच्याबरोबर काम करताना मला मालिनी छिब यांची आठवण येते. त्यांच्या आईनं, मिठू अलूर यांनी, १९७२ साली मुंबईत स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया सुरू केली. मालिनी एका बोटानं टाइप करून शिकल्या आणि २०१० मध्ये त्यांचं आत्मचरित्र आलं, ‘वन लिटल फिंगर’. मी नव्यानं या कामात येणाऱ्या प्रत्येकाला ते वाचायला सांगते.

दुपारी १२:१५

डबा आणि नोंदी. कुठला शब्द कुणी दाखवला, कुणाचा बघून आणि कुणाचा आपणहून, इतकंच लिहायचं.

या शब्दांची निवड कुणाच्या मर्जीवर झालेली नाही. २००३ मध्ये मेहेर बानाजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पन्नास लहान मुलांचं बोलणं तपासलं. त्यांच्या तोंडी वारंवार आलेल्या शब्दांत मी, नाही, हो, माझं, पाहिजे, ते, जा, काय, इथे, अजून, मदत अशी मंडळी होती. वस्तूंची नावं त्या यादीत नव्हती. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या केंद्रानं छत्तीस शब्दांची पाटी तयार करून सगळ्यांना मोफत दिली. माझी मराठी पाटी तिच्यावरून निघाली, पण तिचा शब्दशः तर्जुमा करून भागलं नसतं. इंग्रजीला एका ‘नॉट’वर चालतं, मराठी मुलाला ‘नाही’ही लागतं आणि ‘नको’ही, म्हणून दोन चौकोन. ‘हवा, हवी, हवं’ यातलं कुठलं रूप घ्यायचं? मी ‘पाहिजे’ घेतलं. चेंडू पाहिजे, पोळी पाहिजे, पाणी पाहिजे. लिंग आड येत नाही. क्रियापदं आज्ञार्थात ठेवली: जा, ये, दे, बघ. मुलानं ‘मी’ आणि ‘जा’ दाखवलं की मोठ्यानं पूर्ण वाक्य म्हणायचं, ‘हो, तू जातोयस!’ मुलाला सुधारायचं नाही. त्याचंच बोलणं त्याला भरून परत द्यायचं.

चित्रं आरासाकची घेते. स्पेनमधल्या अरागॉन सरकारनं ती मोफत वापरायला खुली केली आहेत. काढली सर्जिओ पालाओ यांनी. आवाज देणारं मराठी साधन हवं असेल तर आयआयटी मुंबईत घडलेलं ‘जेलो’ आहे, तेही विनामूल्य. परदेशातल्या मराठी घरांना ते माहीत नसतं, म्हणून मी पहिल्याच भेटीत फोनवर उतरवून देते.

दुपारी १:४५

शाळा. २०१७ मध्ये केएचडीएनं, म्हणजे दुबईच्या खासगी शाळांवर देखरेख करणाऱ्या खात्यानं, समावेशक शिक्षणाची चौकट आखून दिली. तेव्हापासून अशा मुलांना वर्गात जागा आहे आणि त्यांच्या शेजारी बसणारी सहायक शिक्षिकाही आहे, जिला पालक शॅडो टीचर म्हणतात. जागा मिळाली, तरी मुलाच्या हातात शब्द आहेत का, हे रोज बघावं लागतं. आज ज्याच्यासाठी गेले होते त्या मुलाचा टॅबलेट कपाटात होता, पडून फुटू नये म्हणून. मी सहायक शिक्षिकेला कागदी पाटी दिली, दप्तराच्या पट्ट्याला अडकवायला क्लिप दिली आणि मधल्या सुट्टीत तिच्याबरोबर मेट्रोचं पुस्तक एकदा वाचलं. तिचं बोट सुरुवातीला अडखळत होतं, चौथ्या पानानंतर सुटलं. मुलं आजूबाजूला गोळा झाली आणि त्यातली एक मुलगी स्वतःच पाटीवर दाखवून त्याच्याशी बोलू लागली. वर्गमित्राइतका चांगला शिक्षक दुसरा नाही.

दुपारी ४:००

अल नहदातलं एक मराठी घर. मुलगा पाच वर्षांचा, ऑटिस्टिक. मिरजेहून त्याची आजी व्हिजिट व्हिसावर आली आहे.

या घराला पूर्वी कुणीतरी सल्ला दिला होता की मुलाशी फक्त इंग्रजीत बोला, दोन भाषांनी तो गोंधळेल. असा सल्ला आखातातल्या कितीतरी घरांना मिळतो. दोन भाषांमुळे ऑटिस्टिक मुलांच्या भाषेचं नुकसान होत नाही, हे अभ्यासांतून पुन्हा पुन्हा दिसलंय. नुकसान होतं ते दुसरंच. आईबाबा आपापसात मराठी बोलतात, फोनवर आजीशी मराठी, भांडतात मराठीत, हसतात मराठीत, आणि मुलाकडे वळले की तुटक इंग्रजी. जेवणाच्या टेबलावर घरभर चाललेल्या गप्पांतून तो एकटा वगळला जातो. त्याच्या पाटीवरचे शब्द त्याच भाषेत असायला हवेत ज्या भाषेत त्याला घरी उत्तर मिळणार आहे. या मुद्द्यावर मी मागे हटत नाही. शाळेची पाटी इंग्रजी राहू दे, चित्रं त्याच जागी राहू देत, घरी मराठी.

आजी चहा घेऊन समोर बसल्या. ‘एक विचारू का गं? बोट दाखवून काम भागायला लागलं, तर तोंड कशाला उघडेल तो?’

‘आजी, ही भीती सगळ्यांना वाटते. २००६ साली काही संशोधकांनी जुने अभ्यास गोळा करून नीट तपासले. त्यातल्या भरवशाच्या अभ्यासांत एकाचंही बोलणं यामुळे कमी झालं नव्हतं. बहुतेकांचं थोडं तरी वाढलंच होतं.’

‘आणि नाहीच बोलला तर?’

‘तर तो पाटीवरून बोलेल. पण बोलेल.’

आजी बराच वेळ गप्प राहिल्या. मग पाटी मांडीवर घेऊन एकेक चौकोन वाचू लागल्या, चष्मा वर-खाली करत.

त्यांनी वाचलेलं मेट्रोचं पुस्तक मी पुन्हा पुन्हा ऐकलं असतं. ‘बघ बघ बघ, आली आली!’ म्हणत त्या डोळ्याच्या चित्रावर बोट आपटत होत्या. ‘थांब!’ म्हणताना खरोखर थांबत होत्या, श्वास धरून. आम्ही जे शिकवायला प्रशिक्षण वर्ग घेतो ते त्यांच्याकडे उपजतच होतं: तीच ओळ पुन्हा म्हणण्याचा कंटाळा नाही, आणि उत्तराची घाई नाही. दुसऱ्या वाचनात ‘थांब’च्या पानावर त्या थांबल्या तेव्हा मुलानं त्यांचं बोट धरलं आणि स्वतःच पुढच्या चौकोनावर नेलं. उघड.

‘अगं बाई! दार उघड म्हणतोय!’

सुनेच्या डोळ्यांत पाणी आलं. मी दुसरी पाटी फ्रिजला चुंबकानं लावून दिली. आजी म्हणाल्या, पोळ्या लाटताना ती मला दिसेल अशी लाव, अजून खाली.

संध्याकाळी ५:३०

पुस्तकातली मेट्रो बघून झाली, आता खरी. मुलगा, त्याची आई आणि मी. बाबा ऑफिसातून थेट स्टेशनवर आले. इथली ग्रीन लाइन २०११ पासून धावते, चालकाविना. प्लॅटफॉर्मच्या कडेला काचेची भिंत आहे आणि तिच्यातली दारं गाडीच्या दारांबरोबर उघडतात. म्हणजे पुस्तकातलं ‘थांब, दार उघडू दे’ इथे डोळ्यांसमोर घडतं. मुलाच्या गळ्यात छोटी पाटी होती. आईनं काचेसमोर उभं राहून ‘थांब’ दाखवलं, दार सरकलं, तिनं ‘आत’ दाखवलं. आम्ही बायका-मुलांच्या डब्यात शिरलो, बाबा पलीकडच्या डब्यात. त्या डब्यात पुरुष चढला तर शंभर दिरहम दंड. संध्याकाळची गर्दी होती. एका फिलिपिनो बाईंनी जागा दिली आणि पाटीकडे कुतूहलानं बघत राहिल्या.

स्टेडियम गेलं, अल कियादा गेलं. मुलगा खिडकीला नाक लावून होता. आईनं दोनदा ‘बाहेर’, ‘बघ’ दाखवलं. त्यानं पाटीकडे ढुंकूनही बघितलं नाही. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, ‘चालू दे, त्याच्या कानावर पडतंय.’

अबू हैलला उतरलो. प्लॅटफॉर्मवर पाय ठेवताच त्यानं पाटी दोन्ही हातांत धरली आणि ‘परत’वर अंगठा दाबला. आईनं विचारलं, ‘ताई, परत म्हणजे पुन्हा मेट्रोत, की परत घरी?’ दोन्ही अर्थांना उत्तर एकच होतं: पलीकडची गाडी. ‘परत! चल, परत जाऊ!’ म्हणत ती त्याला घेऊन जवळजवळ धावलीच.

येताना अल नहदा आलं. दार उघडलं आणि तो जागचा हलेना. आईनं हात धरला, त्यानं झटकला. मग पाटीवर, एकापाठोपाठ एक, दोन चौकोन. ‘बाहेर’. ‘नको’.

दोन शब्द जोडून आपलं म्हणणं त्यानं पहिल्यांदाच सांगितलं होतं, आणि ते म्हणणं नेमकं न मानण्यासारखं होतं. दारं बंद होण्याची सूचना सुरू झाली. आईनं त्याला उचलून बाहेर आणलं, तिथेच गुडघ्यावर बसली आणि पाटीवर दाखवत म्हणाली, ‘ऐकलं मी. बाहेर नको. तुला अजून पाहिजे होतं. आता संपलं, उद्या परत.’ तो रडला. पण नेहमीसारखं डोकं आपटलं नाही. मुलाचं प्रत्येक मागणं पुरवता येत नाही, पुरवूही नये. त्याचं बोलणं पोचलं एवढं मात्र त्याला प्रत्येक वेळी कळायला हवं. हे मी तिला शिकवलेलं नव्हतं. बाबा दुसऱ्या डब्यातून उतरून आले तेव्हा तिनं त्यांना पहिलं वाक्य सांगितलं ते हेच: ‘तो आज “बाहेर नको” म्हणाला.’

रात्री ९:१५

पुढच्या महिन्याचं पुस्तक पावसाचं. दुबईतल्या मुलांना पाऊस क्वचित दिसतो, पण १६ एप्रिल २०२४ चा पाऊस सगळ्यांच्या घरी फोनमध्ये आहे. त्या दिवशी अल ऐनजवळ चोवीस तासांच्या आत अडीचशे मिलिमीटरहून जास्त पाणी पडलं, ७५ वर्षांतला उच्चांक. पालकांकडून फोटो मागवलेत. मिरजेच्या आजी गावाकडचे, चिखलाचे, पाठवणार आहेत.

पानं मांडते आहे. वर बघ. आत ये. अजून! बाहेर जा. यातले बहुतेक शब्द मेट्रोनं पक्के केले, ते इथे पुन्हा येतील. मला एक नवी गोष्ट आणायची आहे. आमच्या पाट्यांवर ‘काय’, ‘कुठे’, ‘कोण’ हे चौकोन आहेत आणि मुलं ते जवळजवळ कधीच दाबत नाहीत. दिवसभर त्यांना प्रश्न विचारले जातात. त्यांनी प्रश्न विचारलेला ऐकायची कुणाला सवय नाही, आणि पाटीवर प्रश्न कसा विचारतात हे त्यांना कुणी दाखवत नाही. म्हणून या पुस्तकात एक सोडून एक पानावर छत्री असेल, आणि छत्रीखालचा चेहरा झाकलेला. ‘कोण?’ एवढाच शब्द. पान उलटलं की बाबा, पान उलटलं की आजी, पान उलटलं की मांजर.

छत्र्या कागदाच्या कापून वेल्क्रोनं लावायच्या की फडफडणारी झडप करायची, हे ठरायचंय. मुठीनं उघडता यायला झडप बरी. जाड कागद संपलाय. उद्या सेंटरला जाताना घ्यायला हवा.